रवंथाचा गोळा

माझा खालचा एक दात अर्धा आहे. तो आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी तोडला, म्हशीला औषध पाजायच्या वेळूच्या नळकांड्यानं. कुणी विचारलं तर मी सरळ सांगते. मी का लपवू? लाज वाटायची तर त्यांना वाटू दे.

बारावीला होते. घर पालीत, कॉलेज विंझरला. चुलतभावाच्या हळदीत मामा चारचौघांत म्हणाले, "हिला सासरी न्यायला टेम्पोच लागंल." सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून भाकरी अर्धी केली, मग चतकोर, मग नुसतं ताक. आधी मोठा पराक्रम केल्यासारखं वाटायचं. पुढं केस हातात यायला लागले, पाळी बंद झाली, एसटीत चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. तोवर खावंसं वाटलं तरी खाता येईना. दोन घास गेले की पोट दगडासारखं व्हायचं, मळमळायचं. आई म्हणायची, थेरं नुसती. एकदा ती ताट घेऊन मागंच लागली, तेव्हा मी ते भिरकावलं. आमटीची वाटी तिच्या कपाळावर बसली आणि रक्त आलं.

आबा शेतावरून आले ते नेमके तेव्हाच. गोठ्यात गेले आणि नळकांडं घेऊन आले. मला भिंतीशी रेटलं, छातीवर गुडघा दिला, म्हशीचं तोंड धरतात तसं माझं तोंड वर केलं आणि आईला म्हणाले, "पेज आण." मी जबडा आवळून धरला. त्यांनी नळकांडं दातांवर हाणलं. दात तुटल्याचा आवाज मला डोक्याच्या आत ऐकू आला. पेज, रक्त, दाताचा तुकडा, सगळं घशात गेलं. मी त्यांचा अंगठा कडकडून चावले. त्यांनी मुस्काटात दिली आणि पुन्हा ओतलं. मी सगळं त्यांच्या अंगावर ओकले. "मरायचंच आसंल तर खाऊन मर," असं ते ओरडत होते आणि रडतही होते. मला त्या रडण्याची दया आली नाही. अजून येत नाही.

त्याच आठवड्यात थोरल्या म्हशीनं रवंथ करायचं सोडलं. आबांनी धाकटीच्या तोंडात हात घालून तिचा चघळलेला गोळा काढला आणि आजारी म्हशीच्या जिभेमागं ठेवला. आमच्याकडं हा उपाय जुनाच. एकीचं पोट दुसरीला चालू करतं म्हणतात. मग सकाळभर तिच्या गळ्याखाली हात फिरवत एकेक काडी चारत बसले. मी उंबऱ्यातनं बघत होते. डोकंच फिरलं माझं.

"म्हशीला काडी काडी देता, आन् मला नळकांडं?"

दुसऱ्या दिवशी आबा मला भोरला डॉक्टरांकडं घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी आधी दात बघितला. "हे कुणी केलं?"

"म्या," आबा म्हणाले.

बाईंनी त्यांना असं झापलं की बाहेरची माणसं डोकावली. इतके दिवस उपाशी पोटात एकदम ओतलंत तर पोरगी जिवानिशी जाईल, म्हणाल्या. मग शांतपणे सांगितलं, की आतड्यात असंख्य जंतू राहतात आणि आपण खातो त्यावर जगतात. हिनं खाणं तोडलं तशी त्यांची वस्तीही बदलली. पोटाकडून मेंदूला जाणारे निरोपही बिघडतात, म्हणून कदाचित दोन घासांत हिचं पोट फुगत असेल. सगळा दोष जंतूंचा नाही, त्यावर अजून शोध चालू आहे. हा मनाचाही आजार आहे, पुण्याला त्याच्या डॉक्टरांकडं जावंच लागेल. "पण ही नाटकं करत नाही," त्या म्हणाल्या. ते ऐकलं आणि मला रडू फुटलं.

आबा अंगठ्याची पट्टी कुरतडत बसले होते. "म्हंजी म्हशीवानीच," ते म्हणाले. "मग माज्या पोटातलं काडून हिला देता ईल का? म्या लई खातो. माजं पोट चांगलं हाय."

बाई हसल्या नाहीत. "तसे प्रयोग चाललेत, पण या आजारावर इलाज म्हणून अजून देत नाहीत. तुम्ही तिला हात लावू नका. समोर बसा आणि स्वतः जेवा."

"मला तुमचं काय पण नको," मी आबांना म्हणाले.

"बरं," ते म्हणाले.

तेव्हापासून ते समोर बसायला लागले. मान खाली घालून जेवायचे. मी घास घेतला तरी वर बघायचे नाहीत. कधी मी ताट उडवलं तर भात गोळा करायचे आणि पुन्हा बसायचे. पुण्याच्या फेऱ्या झाल्या, गोळ्या झाल्या, दोन घासांचे चार व्हायला फार दिवस गेले. नळकांडं त्यांनी चुलीत घातलं. म्हशीला औषध पाजायचं झालं की शेजारून मागून आणतात.

माफ केलं का? नाही केलं. माहेरी गेले की आम्ही समोरासमोरच जेवायला बसतो. पहिला घास घेताना माझी जीभ आधी त्या अर्ध्या दाताला लागते. समोर आबा भाकरी मोडत असतात, आणि त्यांच्या अंगठ्यावर माझ्या दातांचा वण असतो. तो बघते आणि घास गिळते.