आमच्या चुलत्यांचा ड्रोन

सूड म्हटलं की लोकांना कुऱ्हाडी आठवतात. मी माझा सूड पारावर बसून, गोड बोलून घेतला आणि त्याचं मला आजही तसूभर वाईट वाटत नाही.

माझा धाकटा भाऊ उमरीजवळच्या आमच्या गावात राहून लग्नांचं शूटिंग करतो. त्यानं ड्रोन घेतला आणि नेमकी त्याच वर्षी अफवा उठली की चोर ड्रोन उडवून घरं हेरतात. गावोगाव पोरं काठ्या घेऊन गस्त घालू लागली. त्यात सांज झाली की मावळतीला, कापसाच्या जिनिंगच्या शेडवर, एक पांढरा दिवा लटकलेला दिसायचा. आमचे थोरले चुलते गावातले मानाचे; त्यांना मुहूर्त विचारल्याशिवाय कुणी लग्न धरत नाही. वाटणीपासून त्यांचा आमच्यावर राग होताच. ते पारावर म्हणाले, "दुसरं कोण? आपलंच पोरगं चोरांना वाट दावून राहिलंय." एवढं पुरलं. एका लग्नाहून परतताना पोरांनी भावाला वेशीत अडवलं, ड्रोन दगडानं ठेचला आणि त्याचा उजवा हात मोडला.

मी नांदेडला शाळेत भूगोल शिकवते. रजा टाकून आले. प्लास्टरातला तो हात बघून मला रडू आलं नाही, डोकं फिरलं. संध्याकाळी गच्चीवर गेले तर दिवा जागच्या जागी, आणि ठेचलेला ड्रोन खाली खोक्यात! चुलत्यांना सांगितलं तर म्हणाले, "दुसरा आणला आसंल." मग रोज कठड्याशी बसून बघितलं. दिवा ना घरघरत होता ना भिरभिरत होता. हळूहळू शेडमागं बुडत होता. ड्रोनची बॅटरी एवढी टिकली असती तर भावानं नवस फेडला असता. ती शुक्राची चांदणी होती.

तेव्हाच घरोघर सांगत सुटले असते तर लोक "बरं बरं" म्हणाले असते आणि भाऊ चोरच राहिला असता. लग्नसराई तोंडावर होती आणि एकही घर त्याला बोलवायला तयार नव्हतं.

शनिवारी दिवेलागणीला मारुतीपुढच्या पारावर सगळे जमतात. मी भावाला संगं घेऊन गेले आणि पदर सावरून चुलत्यांजवळ बसले.

"काका, मैत्रिणीच्या पोरीचं लग्न धरायचंय. शुक्राचा अस्त तर न्हाई ना?"

ते खुलले. "न्हाई पोरी, उदय हाय. पश्चिमेला. सांज झाली की दिसतोय. बिनघोर धरा म्हणावं."

"दावा की मग."

त्यांनी बोट उचललं आणि ते जिनिंगच्या शेडवर जाऊन थांबलं. अख्ख्या मावळतीला दुसरं काहीच नव्हतं. काठ्या घेतलेली पोरं त्या बोटाकडं बघत राहिली. कुणीतरी फिसकन हसलं. जन्मभर ज्याच्या नावानं लोकांची लग्नं अडवली, तो समोर आला तर यांना ओळखू आला नाही! मला फार गार वाटलं.

"चारचौघात माझी लाज काढलीस," ते पुटपुटले.

"त्याचा हात पण चारचौघातच मोडला, काका."

मग ते खाली बघत म्हणाले, "पोरगं चोर न्हाई."

"मोठ्यानं."

ते मोठ्यानं म्हणाले. भाऊ माझा हात ओढत होता, "ताई, बास की आता." मी हात सोडवून घेतला.

"झालं का समाधान?" चुलत्यांनी विचारलं.

"न्हाई. ज्या ज्या घरी त्याला चोर म्हणलात, त्या त्या घरी आता जायचं. चला, मी येते संगं."

आणि मी वाकून त्यांच्या चपला त्यांच्या पायाशी सरळ करून ठेवल्या.