निम्म्यावर विझलेला पडदा

पोळ्याच्या आदल्या दिवशी मुलांना वापरलेले लॅपटॉप वाटण्यात आले; जबाबदार, लातुरातील माझ्या नातीच्या शिकवणी वर्गाचे संचालक. त्याच दिवशी 'चार्जरची वायर काढायची नाही' हा नियम झाला; जबाबदार, तेच. दसऱ्यानंतरच्या सोमवारी सराव परीक्षेत माझ्या नातीचा लॅपटॉप मध्येच विझला आणि तिला पहिल्या तुकडीतून खाली उतरवण्यात आले. जबाबदार तेच, शिवाय त्यांच्यापुढे माना डोलावणारे शिक्षक.

मी न्यायालयातून निवृत्त झालेला शिरस्तेदार. नातीसाठी अहमदपूरचे घर बंद करून लातुरात एक खोली घेतली होती. वीज केव्हाही जायची, म्हणून वायरीचा तो नियम कोणालाच खटकला नाही. भूकंप पाहिलेली माणसे आम्ही. तेव्हापासून बॅटरी, कळशी, कंदील, सारे भरलेले आणि हाताशी ठेवतो. लॅपटॉपही तसाच भरलेला राहिला, दिवसामागून दिवस, भिंतीला बांधलेल्या वासरासारखा.

परीक्षा मात्र पत्र्याच्या सभागृहात झाली. तिथे एकही प्लग नव्हता.

"काका, पोरीनं चार्जिंगच केलं नसंल," संचालक म्हणाले.

"पडद्यावर बॅटरी निम्म्याहून अधिक दिसत होती, असे ती सांगते."

"पोरं काय बी सांगतात."

"मग साक्ष लॅपटॉपचीही घ्या."

ते हसले आणि त्यांनी पुढच्या पालकांना आत बोलावले.

ती साक्ष मग मीच घेतली. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली होती. नातीने आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून बॅटरीची माहिती मागवली. कारखान्यातून निघताना बॅटरीत मावणारी ऊर्जा आणि आज मावणारी ऊर्जा, दोन्ही आकडे तंतोतंत सारखे! इतक्या वापरलेल्या बॅटरीचा एक कणही झिजला नव्हता म्हणे. असली साक्ष मी जन्मभर ऐकत आलो आहे.

दुपारी मी वायरीला हात घातला.

"आबा, काढू नका! लाईट गेली तर?"

"जाऊ दे की."

"मग अभ्यास तुम्ही करणार का माझा?"

तरीही मी ती काढली. पंखा संथ फिरत होता. खिडकीतून कडुलिंबाची सावली येऊन पडद्यावर हलत होती आणि कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा पिकलेल्या पानासारखा एकेक गळत होता. नात पुस्तकावर मान टाकून झोपली. मलाही गुंगी आली. वाटले, ही खोलीच कुठेतरी तरंगते आहे. खाली जमीन आहे, पण तिची खात्री देता येत नाही. भूकंपानंतर कितीतरी दिवस पाय टेकताना असेच वाटायचे. डोळे उघडले तेव्हा आकडा निम्म्याच्या वर होता. मी पाहत असतानाच पडदा काळा झाला.

शेवटच्या पाच टक्क्यांवर लिनक्स सूचना देते आणि काम जपून ठेवून लॅपटॉप स्वतः बंद करते, अशी व्यवस्था त्यात होती. पण तो आकडा आलाच नाही, मग सूचना कशी येणार?

पुन्हा सलग पूर्ण चार्ज केल्यावर आज मावणाऱ्या ऊर्जेचा आकडा आपोआप निम्म्याखाली उतरला. बॅटरी पूर्ण रिकामी होऊन सलग भरते तेव्हाच तिला आपली खरी ताकद कळते; वर्गाच्या नियमाने ती एरवी कधी रिकामी होऊच दिली नव्हती आणि परीक्षेनंतर वीज सारखी जात राहिल्याने ती सलग भरलीच नव्हती. नातीने तो आकडा वहीत उतरवून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलले नव्हते."

हे मी संचालकांना पत्राने कळवले, पुन्हा कळवले. पोच आली, उत्तर नाही. नात अजून खालच्याच तुकडीत बसते.

म्हणून माझी मागणी अशी: येत्या पालक सभेत संचालकांनी उभे राहावे. वर्गाने वाटलेला कोणताही लॅपटॉप घ्यावा, सर्वांदेखत त्याची वायर काढावी आणि तो विझेपर्यंत बसून राहावे. नंतर ध्वनिक्षेपकावरून सांगावे, माझ्या नातीची जागा त्यांनी कोणत्या पुराव्यावर काढून घेतली आणि ती परत कधी देणार.