बिनशिट्टीचा कुकर

बाबांचा सगळा जन्म रेल्वेत शिट्ट्या ऐकण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी काय आणावं, तर बिनशिट्टीचा कुकर. सोलर कुकर. दिसायला प्रवासाच्या पेटीसारखा. आत काळे रंगवलेले डबे, त्यावर काच आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लखलखीत आरसा. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या गच्चीवर त्याची स्थापना झाली तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, "शिजलं हे कळन कसं?"

"गाडी आली हे कसं कळते? तसंच."

आईचा रेल्वेच्या वेळेवर कधीच विश्वास नव्हता. तिने खाली गॅसवर दुसरं वरण लावून ठेवलं. पण दुपारी वरचा डबा उघडला आणि खालचं वरण कुणी विचारलं नाही. डाळ अशी मऊ, की पळी आपोआप बुडाली. त्या वरणाला कुणीही घाई न केल्याचा एक वास होता. तो मला पुढे कुठेच सापडला नाही, आणि खाण्याच्या बाबतीत मी शोध अर्धवट सोडणारा माणूस नाही.

दिवाळी ते होळी हा या कुकरचा हंगाम. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर पाय ठेवला तर पायाचंच वरण होतं. सकाळी बाबा काच पुसायचे, कारण उरल्याच्या कारखान्यांकडून वारा आला की तिच्यावर काळी भुकटी बसलेली असायची. मग ऊन सरकेल तशी पेटी फिरवायची आणि मागे हात बांधून उभं राहायचं, जणू साहेबांची स्पेशल यायची आहे.

अडचण एकच होती. वरण तयार, आणि आई समोरच्या घरात. गल्लीच्या पलीकडे काकी राहते, इथलीच, छत्तीसगढी. सकाळची कामं आटोपली की आई लाल भाजीची जुडी घेऊन तिच्याकडे निवडायला जाते. भाजी निमित्त, निवडायच्या असतात गोष्टी. आता तिला बोलवायचं कसं? बाबांनी जन्मात बायकोचं नाव घेतलं नव्हतं. "ऐकलं का!" म्हणून ओरडावं, तर गल्लीतल्या प्रत्येक बाईला ते आपल्यालाच वाटायचं.

एकदा झाकण मिटताना आरशातला उजेड सुटला आणि काकीच्या खिडकीतून आत शिरून भिंतीवर नाचायला लागला. काकी हसत सुटली. "जा दीदी, भैया के बुलावा आ गे!"

झालं. आमच्या कुकरला शिट्टी मिळाली.

काकीच्या वरच्या खोलीत नवा भाडेकरू आला, लग्न होऊन थोडेच दिवस झालेला. दुपारी घरात आरशाचा उजेड नाचतो हे कळल्यावर एक दिवस तो बाह्या सरसावून आमच्या गच्चीवर चढला. "शीशा कौन चमकाता है? मेरी मिसेज घर में अकेली रहती है!"

बाबांच्या एका हातात पळी होती, दुसऱ्यात फडकं. ते शांतपणे म्हणाले, "मेरी मिसेज भी आप ही के घर में है. उसी को बुला रहा हूँ."

"तो आवाज दीजिए ना!"

"आवाज? सबके सामने?" बाबा खरंच लाजले.

तो वरणभात जेवून गेला. पुढे सुट्टीच्या दिवशी तोच जिन्यावरून खाली ओरडायचा, "आंटी, लाइट आ गई!"

बाबा गेले. आई काकीकडे जात राहिली. मी गॅसवर स्वयंपाक करायचो आणि गच्चीवरून हाक मारायचो, "आई, जेवाले ये!"

"हव, आलीच."

आणि यायची नाही. भाजी निवडून संपलेली, पान गार झालेलं, आई तिथेच. शेवटी काकीने मला गल्लीत गाठलं आणि हळूच सांगितलं, "खिड़की कोती देखत रहिथे, बेटा." आई खिडकीकडे बघत बसायची.

दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली. काच पुसली, डाळ लावली, साहेबांच्या स्पेशलसारखा उभा राहिलो. दुपारी आरसा कलता केला, तर उजेड आधी एका स्कूटीवाल्याच्या डोळ्यांत गेला. त्याने माझा चांगला उद्धार केला. मग उजेड खिडकीत गेला.

आई आली. पाटावर बसली. "कणी राहून गेली," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा वाढून घेतलं.

असा एक हिवाळा छान गेला. मग काकीच्या मुलाने घरावर मजले चढवले. त्यांचं घर आमच्या दक्षिणेला, आणि हिवाळ्यातला सूर्यही दक्षिणेलाच. भर दुपारी आमची गच्ची सावलीत. डाळ कच्ची, उजेड नाही, आई परत येईना. काकीला इतकं अवघडल्यासारखं झालं, की एक दिवस तीच आमच्या दारात उभी राहिली. "पेटी ल हमर छत म ले आव."

मी पेटी उचलली, आई डबे घेऊन मागून निघाली. गल्लीतून आमची मिरवणूकच गेली म्हणा.

आता काकीच्या उंच गच्चीवर आई स्वतः कुकर लावते. पेटी फिरवायला ती मला हात लावू देत नाही. "तुले नाही जमत, कणी ठेवतं." वरण तयार झालं की बोलवायचं असतं ते मला, आणि मी इकडे, त्यांच्या सावलीत. आरशाचं तोंड सूर्याकडे, तिकडे दक्षिणेला, आणि मी त्याच्या पाठीमागे. उजेड माझ्याकडे येऊच शकत नाही.

तरी आई रोज झाकण कलतं करते. मला खालून कठड्यावर तिचं डोकं दिसतं आणि हलणारी झाकणाची कड. एकदा मी ओरडलो, "आई, इकडे नाही येत उजेड!"

"मले माहीत आहे. तू जेवाले ये."

आणि झाकण हलवतच राहिली.

तो उजेड काकीच्या घरामागच्या गल्लीत कुणाच्या तरी घरात पडत असणार. कुणाच्या, ते आम्हाला माहीत नाही. एखाद्या दुपारी तिथला कुणी बाह्या सरसावून जिना चढून येईल, आणि आईला विचारेल, किसको बुला रही हो? मी त्याची वाट पाहतो आहे. ती काय सांगते ते मला ऐकायचं आहे. वरण तयारच असेल.