चौथे भूमिपूजन

मी आज चार ओळी लिहू शकतो त्या शाहपूरच्या वाघ गुरुजींमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिले नव्हते. फॉर्म गुरुजींनी भरला, पहिली फीही त्यांनीच. म्हणून ज्या साहेबांविषयी सांगणार आहे, त्यांच्याविषयी माझ्याकडून चांगले लिहिले जाणार नाही.

साहेब एका जलविद्युत कंपनीच्या बुऱ्हाणपूर ऑफिसचे प्रमुख होते, मी त्यांचा कारकून. डोईफोडिया गावाच्या पुढे एका नदीवर वीजप्रकल्प बांधायचा परवाना कंपनीकडे होता. बांधकामाची मुदत संपत आली की साहेबांना हुरूप यायचा. बाह्या दुमडून म्हणायचे, "चल भाऊ, कारण शोधू." बांधकामासाठी त्यांनी बाह्या दुमडलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

मुदतवाढीच्या एका अर्जात त्यांनी अतिवृष्टी आणि पाणीटंचाई दोन्ही लिहिली. मी दाखवले, तर म्हणाले, "वाचतं कोण?" असे साहेब तुम्हीही पाहिले असतील.

काम सुरू आहे हे दाखवायला प्रत्येक मुदतवाढीआधी भूमिपूजन व्हायचे. तीच जागा, तेच पंडितजी. जेसीबी हातभर खड्डा खणायचा, फोटो निघायचे आणि गुरे पडू नयेत म्हणून खड्डा बुजवला जायचा. साहेबांच्या हातून झालेले लोकहिताचे काम तेवढेच. चौथ्या वेळी पंडितजींनी विचारले, "साहब, ये पूजन है या बरसी?" वर्षश्राद्धाचा हा टोमणा साहेबांच्या कानावरून गेला. फोटोवाल्याला ते खड्डा खोल दिसेल असा कोन शोधायला लावत होते.

गुरुजींचे केळीचे शेत प्रकल्पाच्या बुडीत पट्ट्यात होते. प्रकल्प उभा राहत नव्हता, रद्दही होत नव्हता. तोवर त्यांना तिथे विहीर खणायला परवानगी नव्हती. मुदतवाढ नाकारली गेली, तरच शेत सुटणार होते. तरी बोलावले म्हणून ते पूजनाला आले, प्रसाद घेतला आणि आलेल्यांच्या वहीत सही केली. पानाचा वरचा भाग कोरा होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते पान वहीतून फाडून माझ्यासमोर टाकले. वर टाइप करायला सांगितले: मुदतवाढीस आमची संमती आहे.

"साहेब, ही तर हजेरीची सही आहे."

"आले होते ना? बुंदी खाल्ली ना? मग राजीच आहेत."

मी टाइप केले. घरात पगार माझा एकट्याचा होता, हे कारण मलाही लगेच सापडले.

अर्ज घेऊन साहेब भोपाळला गेले. त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून मी लिहिले:

"आदरणीय गुरुजी, सा. न.

भूमिपूजनाच्या वेळची आपली सही मुदतवाढीला संमती म्हणून लावली आहे. वरची ओळ मी टाइप केली. मुदतवाढीच्या सुनावणीची नोटीस सोबत पाठवतो. हरकत नोंदवा, ओळ कुणी लिहिली असे विचारले तर माझे नाव सांगा. साक्षीला मी येतो आहे. आपण माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल.

आपला विद्यार्थी"