रोबो झालेल्या बाई

घोडेगावच्या प्रशिक्षणात पहिलीच्या मुलांना कोडिंग कसं शिकवायचं, ते आम्हा शिक्षकांना दाखवत होते. पिंपरी पेंढारकडच्या एक बाई आपण होऊन रोबो झाल्या. पदर खोचून, हात ताठ धरून उभ्या राहिल्या. मी हुकूम सोडला, "सरळ जा." त्या गेल्या, भिंतीला टेकल्या आणि तिथंच पाय आपटत राहिल्या.

"आवो सर, थांब कोन म्हनायचं? माझं नाक गेलं की."

जेवताना, का कोण जाणे, मी त्यांना खरं सांगून टाकलं. शाळेला मिळालेला रोबोचा खोका मी अजून फोडलेलाच नाही. मला तो जोडता येत नाही. मुलं रोज विचारतात आणि मी सांगतो, सेल संपलेत. हे खोटं मला घरीसुद्धा टोचतं.

त्या भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "मंग येत न्हाई म्हनून सांगा की. पोरं लई खूश व्हतील."

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सोमवारी खोका वर्गात नेला आणि मुलांना सगळं सांगितलं. मग पुढची एक चिमुरडी सतरंजीवर सरकून जागा करत म्हणाली, "सर, मग बसा ना आमच्यात."