कावळा जेवेपर्यंत

त्या बाईंनी जनीच्या हातावर चापट मारली तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी घड्याळ पाहिलं होतं म्हणून सांगते. वडा जमिनीवर पडला. जनी चार वर्षांची. रडली नाही. हात मागे घेतला आणि बोटं चाटत राहिली.

"कावळा शिवायच्या आत तोंड घातलं! घरी कुणी शिकवलं नाही वाटतं," बाई म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या. "घर कुठलं म्हणा."

तेवीस मुलं पंगतीला बसलेली. पुढ्यात वाढलेली ताटं. साडेबारापासून.

मी जनीला उठवून उभं केलं आणि म्हटलं, "ताईंना सॉरी म्हण."

हे मी केलं. हे आधी लिहिते. बाकीचं नंतर.

भरे गावाच्या कडेला आम्ही नवराबायको हे घर चालवतो. अठ्ठ्याण्णव सालापासून. दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. आम्ही ख्रिस्ती. रविवारची उपासना त्याच शेडमध्ये होते. नवरा पिरंगुटला कंपनीत कामाला. मुलांतली काही अनाथ. काही वरच्या वस्त्यांवरची, ज्यांचे आईबाप कामाला म्हणून लांब गेले आणि परत आले नाहीत. जनी त्यातलीच. सगळी मला मावशी म्हणतात.

आमच्या घरात नियम फार नाहीत. एक आहे. दुपारी साडेबाराला घंटा. शाळेत गेलेली मुलं तिथे जेवतात, पण घरी जी असतील त्यांचं ताट साडेबाराला. शेवग्याच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलाय, त्यावर हातोडी मारायची. आठ वर्षांत ही घंटा उशिरा झाली ती चार वेळा. चारही वेळा लाकडं ओली होती. ज्या मुलाला पुढचं जेवण कधी हे माहीत नसतं, ते भाकरी उशीखाली लपवतं. पहिल्या वर्षी मी उशांखालून रोज तुकडे काढत होते. घंटा रोज वेळेवर होते हे मुलांना कळलं तसे तुकडे कमी झाले. मग थांबले. माझ्या कामाचा हिशेब कुणी मागितला तर मी एवढाच देईन.

त्या दिवशी जेवण आणणारे साहेब हिंजवडीला मोठ्या कंपनीत. त्यांच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. आठवडाभर आधी फोन आला. "मॅडम, विधी घरीच करतोय. पण नवव्या मजल्यावर कावळा येत नाही हो. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी लावलीय. तुमच्याकडे झाडं आहेत. पान तिथे ठेवू आणि मुलांना जेवण देऊ. मुलं सगळी हवीत हं. तेवीस."

वार गुरुवार. सतरा मुलं शाळेची. मी त्यांना घरी ठेवलं. हेही मीच केलं. आमच्या उपासनेच्या मंडळीतल्या काहींनी नावं ठेवली, श्राद्धाचं जेवण कसं घेता म्हणून. मी म्हटलं, मुलांनी वडे खाल्ल्याने देव रागावत असेल तर मी बोलेन त्याच्याशी.

साहेब आले. बरोबर मोठी बहीण, त्याच बाई. खीर, भात, भाज्या, वडे. वडे मोजून आणलेले, सत्तेचाळीस. प्रत्येकाला दोन आणि एक कावळ्याच्या पानावर. स्वतःसाठी पाण्याच्या बाटल्या. आमच्या माठाकडे बघितलंही नाही. पान शेडच्या पत्र्याच्या कडेला ठेवलं. ताटं वाढली. मग बाई म्हणाल्या, "आधी कावळा. मग मुलं."

एक वाजला. कावळा नाही. साहेब दोन्ही हात तोंडाशी धरून "काव, काव" करत होते. धाकटी मुलं पहिल्यांदा हसली. दीड वाजता कुणी हसत नव्हतं. खिरीवर साय धरली. सायीवर माश्या. आमच्या स्वयंपाकाला गावातल्या हौसाबाई येतात. त्या चुलीपाशी उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सायेब, कावळं समदं त्या कंपनीच्या क्यांटिनमागं बसल्यात. तितं त्यांची रोजचीच पंगत हाय. हितं कशाला येत्याल?"

साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मी पावणेदोनला म्हटलं, "साहेब, लहान मुलं आहेत. सुरू करू का?"

तेव्हा ते जे म्हणाले ते मी शब्दाला शब्द लिहिते. "मॅडम, थोडं थांबलं तर काय होतं? एरवी तरी यांना कुठे वेळेवर मिळतं?"

मी त्यांना रुळाचा तुकडा दाखवायला हवा होता. दाखवला नाही. घरात तांदूळ दोन दिवसांचे होते आणि साहेबांनी पावसाळ्यापुरत्या धान्याचा शब्द दिला होता. मी पदराला हात पुसले आणि मागे सरले.

दोन दहाला जनीने वडा उचलला.

सॉरी म्हण म्हटल्यावर तिने बाईंकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "मावशी, घंटा झाली व्हती ना?" एवढंच म्हणाली.

घंटा मीच वाजवली होती.

पावणेतीनला साहेबांनी पिशवीतून काहीतरी काढलं. गवताच्या काडीला गाठ मारून केलेलं. दर्भाचा कावळा. खरा कावळा आला नाही तर हा पानाला लावायचा, असं गुरुजींनी सांगून सकाळीच बांधून दिला होता. लावला. झालं. अर्ध्या मिनिटाचं काम.

तो कावळा साडेबारापासून पिशवीतच होता.

"खरा आला असता तर समाधान वाटलं असतं हो," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. दुःख खरं असेल. मी नाही म्हणत नाही. मला त्या माणसाच्या वडिलांचाही राग नाही आणि कावळ्याचाही नाही.

तरी मुलं जेवली नाहीत. माझ्याकडे बघत बसली. आमच्याकडे रीत आहे, जेवणाआधी देणाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची. थोरल्या मुलीने विचारलं, "मावशी, कुणाचं नाव घ्यायचं?" मी साहेबांना त्यांच्या वडिलांचं नाव विचारलं. तेवीस मुलांनी हात जोडून ते नाव घेतलं. फोटो निघाले. एक नीट आला नाही म्हणून पुन्हा हात जोडले. जनीच्या ताटात एकच वडा. खाली पडलेला हिशेबात धरला होता.

त्या संध्याकाळी मी भांडी घासत होते. हौसाबाई शेजारी बसल्या. म्हणाल्या, "बाई, राग नका येऊ देऊ. कावळ्यासाठी त्येंनी एक दिस थांबवलं. तुमी तर रोज थांबवताय. ताट फुडं, अन् नाव घ्या म्हनं. निवतंय की समदं."

मी घासणी खाली ठेवली.

मी स्वतः मिशनच्या बोर्डिंगात वाढले. पाहुणे आले की आम्ही मुली थाळ्या घेऊन रांगेत. भाषण संपेपर्यंत हात जोडलेले. थाळीतली आमटी गार होताना बघायची. ती रीत मी तिथून उचलली, घासूनपुसून घरी आणली आणि तिला भक्ती म्हटलं. आठ वर्षं. चापट त्या बाईंनी मारली. पण हात जोडून थांबायला माझ्या मुलांना मी शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जनीची माफी मागितली. सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "बरं." आणि खेळायला गेली. दोन दिवसांनी तिच्या उशीखाली चपातीचा तुकडा सापडला.

धान्य आलं. आम्ही खाल्लं. पुढल्या वर्षी साहेबांचा फोन आला.

"या," मी म्हटलं. "घंटा साडेबाराला होते. झाली की मुलं जेवतात. तुम्हीही त्यांच्या पंगतीला बसा."

"आणि कावळा?"

"त्याचं पान ठेवा. तो येईल तेव्हा येईल."

"मॅडम, तुम्हाला गरज आहे ना?"

"आहे."

"मग?"

"साडेबारा."

फोन ठेवला गेला. त्या पावसाळ्यात धान्य आलं नाही. हौसाबाईंनी भाकरीचा आकार कमी केला. मी थकलेय, हे लपवत नाही. नवऱ्याने जादा पाळ्या घेतल्या. जेवण देणाऱ्या आणखी दोन घरांना वेळेचं सांगितलं, त्यांचेही फोन बंद झाले. नाही तर नाही.

नाव घेणं मी बंद केलंय. आता घंटा होते आणि मुलं जेवतात. ज्याला देवाशी बोलायचं असेल त्याने जेवून बोलावं. देणारा असो, चर्चचा पाळक असो, साहेब असो, वाढलेल्या ताटापुढे माझं मूल यापुढे कुणासाठी हात जोडणार नाही. भाकरी अर्धी असेल. ती साडेबाराला असेल.