नवव्या मात्रेवरून

अभिषेक खानझोडेच्या वर्गाला पाटी नाही. बाभुळगावात बाजाराच्या रस्त्याला लागलं की पेटीचा आवाज येतो, त्या आवाजामागे गेलं की घर सापडतं. पुढच्या खोलीत सतरंजी, दोन हार्मोनियम, एक तबलाजोडी आणि खिडकीखाली टेबलावर जुना लॅपटॉप. अभिषेकला जन्मापासून दिसत नाही. तो अमरावतीला संगीत शिकला, नागपूरला अंधांसाठीच्या एका प्रशिक्षणात कॉम्प्युटर शिकला आणि गावी परत आला. वडील तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. मुलगा वर्ग चालवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे त्यांनी बरीच वर्षं विचारलं नाही. पोरांच्या चपला दारात वाढत गेल्या तेव्हा त्यांनी स्वतःच चपलांसाठी फळी ठोकून दिली.

शिकवणं अभिषेकचं आणि लिहिणं धाकट्या बहिणीचं, भैरवीचं, अशी वाटणी पहिल्यापासून होती. परीक्षेला बसणाऱ्याच्या हातात स्वरलिपी लागते. कोणता स्वर खालच्या सप्तकातला, कोणता कोमल, टाळी कुठे, बिनटाळीची खाली कुठे, हे कागदावर दिसावं लागतं. अभिषेक गायचा आणि भैरवी लिहायची. स्वराखाली टिंब, स्वराखाली रेघ, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गुणिले, खालीला शून्य. तो चुकला तर ती पेन खाली ठेवायची आणि म्हणायची, "सर, मागच्या वेळी इथं धैवत होता." हे 'सर' ती फक्त चिडवताना म्हणायची.

पावसाळ्यापूर्वी भैरवीला उमरखेडला एका बँकेत नोकरी लागली. जिल्हा एकच, पण दोन टोकं. फोनवर सांग, मी लिहून फोटो पाठवते, असं ती म्हणाली होती. तसा एक रविवार गेलाही. फोन तुटत राहिला, एका सरगमीला सगळी दुपार लागली, आणि मागे बादलीत नळ वाहत असल्याचं अभिषेकला ऐकू येत होतं. आठवड्याचे कपडे तिने तसेच भिजत ठेवले होते. पुढच्या रविवारी त्याने फोन केला नाही.

कागद थांबले. पोरं जुन्याच पानांवरून म्हणत राहिली. एका मुलीच्या आईने मात्र यवतमाळला दुसरा वर्ग आहे का, याची चौकशी केली. परीक्षा दिवाळीनंतर होती. तोवर लिहिण्याची सोय झाली नाही तर परीक्षेची मुलं घ्यायचीच नाहीत, असं अभिषेकने ठरवलं. नुसतं हौशी लोकांना भजनं शिकवायची. त्याने हे वडिलांना जेवताना सांगितलं. ते म्हणाले, बघ. एवढंच.

कॉम्प्युटरवर स्वरलिपी लिहिण्याचे प्रोग्राम असतात, हे त्याला माहीत होतं. त्यात माउसने स्वर उचलून ओळीवर ठेवायचा असतो. ज्याला ओळ दिसत नाही त्याने तो कुठे ठेवायचा? अभिषेकचा लॅपटॉप पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवतो. चित्र आलं की तो गप्प होतो. मग अंध लोकांच्या एका फोनग्रुपवर कोणीतरी एका वेगळ्या प्रोग्रामची गोष्ट काढली. त्यात खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत. साध्या अक्षरांत स्वर टाइप करायचे, एक आज्ञा लिहायची, की देवनागरी स्वरलिपीचं छापायला तयार पान बाहेर पडतं. अडचण एकच होती. तयार प्रोग्राम कुठे मिळत नव्हता, लेखकाने नुसता कोड ठेवला होता. पीठ मिळेल, पोळी ज्याची त्याने लाटायची.

भैरवीला फोनवर हे कळलं तेव्हा तिने विचारलं, "रेडीमेड काही मिळत नाही काय, दादा?"

"मिळते. माउसनं चालते."



कोड उतरवून घेणं सोपं गेलं. मग मशीनला तपासायला लावलं, की पोळी लाटायला लागतं ते सगळं घरात आहे का. मशीन म्हणालं, अक्षरं काढणारी लायब्ररी, म्हणजे त्या कामाचा तयार कोड, नाही. अभिषेकने पाहिलं तर ती होती. त्याने पुन्हा विचारलं, मशीनने पुन्हा नाही म्हटलं. दोन दिवस हा वाद चालला. शेवटी ग्रुपवरच्या एकाने समजावलं, की लायब्ररी वापरायला एक पाकीट लागतं आणि तिच्यावर नवं काही बांधायला दुसरं. तुझ्याकडे पहिलंच आहे. दुसरं पाकीट मोबाइलच्या नेटवर उतरवलं आणि तपासणी पार पडली.

कोडमधून प्रोग्राम बांधायची पुढची आज्ञा दिली ती घाईत. एका वेळी चार कामं कर, असं त्याने मशीनला सांगितलं. जुन्या लॅपटॉपची तेवढी ताकद नव्हती. वाचणारा आवाज एका शब्दाच्या मधोमध अडकला, पंखा घरघरत राहिला, मग सगळंच थिजलं. अभिषेकने बटण दाबून मशीन बंद केलं, अंगणात जाऊन उभा राहिला आणि परत येऊन एका वेळी एकच काम करायला सांगितलं. वाचणारा आवाज बंद ठेवला, कारण ओळींमागून ओळी ऐकण्यात अर्थ नव्हता. तोवर संध्याकाळचा वर्ग भरला. तो पोरांकडून पलटे म्हणवून घेत होता आणि एक कान टेबलाकडे होता. पंखा जोरात आहे तोवर काम चालू आहे. 'सारेग, रेगम' चालू असताना पंखा मंदावला. त्याने पोरांना थांबवलं नाही. पलटा संपल्यावर उठला आणि शेवटची ओळ ऐकली. चूक एकही नव्हती.

भूप रागातली एक छोटी सरगम त्याने टाइप केली, जशी तो गातो तशी, पहिल्या स्वरापासून. वडिलांनी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून पान छापून आणलं. कागद बराच वेळ डोळ्यांजवळ धरून ते म्हणाले, "छान दिसते. पुस्तकासारखं." बरोबर आहे की नाही, हे सांगायला त्यांना गाणं येत नव्हतं.

ते विमलताईंना येत होतं, निदान वाचण्यापुरतं. विमलताई अंगणवाडी सेविका. भजनात आपला आवाज सगळ्यांत मोठा आणि सूर सगळ्यांत वेगळा, असं कोणीतरी तोंडावर म्हटल्यावर पन्नाशीत शिकायला आल्या होत्या आणि आता परीक्षेलाही बसणार होत्या. ही सरगम त्यांनी आधी ऐकलेली नव्हती, म्हणून अभिषेकने कागद त्यांच्याच हातात दिला. हाताने ताल धरून वाचा म्हणाला.

स्वर बरोबर आले. सप्तकं बरोबर आली. पण पहिल्याच स्वरावर विमलताईंची टाळी पडली, ठाम, समेची. अभिषेकचा चेहरा बदलला. ही सरगम सोळा मात्रांच्या तीनतालातली, खालीपासून उठते, नवव्या मात्रेवरून, आणि तिथून सम गाठते. विमलताई उलट्या चालल्या होत्या.

"ताई, पहिल्या स्वरावर खाली आहे. तिथं टाळी नाही."

"कागदावर त सम आहे, सर. गुणिले काढलं आहे. मी कायले मनानं टाळी वाजवू?"

त्यांचं बरोबर होतं. गाणारा माणूस मुखड्यापासूनच सुरुवात करतो, आणि अभिषेकने तसंच लिहिलं होतं. प्रोग्रामने पहिला स्वर म्हणजे पहिली मात्रा धरली होती. भैरवीला हे कधी सांगावं लागलं नव्हतं. तो गायला लागला की ती आपोआप पहिल्या घरात शून्य काढायची.

त्या दिवशी वर्ग लवकर सुटला. अभिषेकने लेखकाला ईमेल लिहिला आणि उत्तराची वाट न बघता कोडमध्ये ताल हा शब्द शोधायला बसला. तो प्रोग्रामर नव्हे. पण सगळा कोड अक्षरांचाच होता आणि अक्षरं त्याला वाचता येत होती. मात्रा मोजायला सुरुवात होते ती ओळ दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. तिथे शून्य होतं. मशीन शून्यापासून मोजतं, म्हणून नववीसाठी त्याने आठ केलं आणि पुन्हा बांधायला सांगितलं. एकच फाइल बदलली होती, त्यामुळे चहा निवायच्या आत काम झालं.

नव्या कागदावर विमलताईंनी पहिल्या स्वराला हात उलटा करून खाली दाखवली, तेराव्या मात्रेला टाळी दिली आणि पुढची टाळी बरोबर समेवर पडली. अभिषेकने त्यांना सरगम शेवटपर्यंत म्हणू दिली. मग परीक्षेच्या बाकीच्या मुलांनाही कागद वाटायला सांगितले.

लेखकाचं उत्तर आठवड्याने आलं. मी तबला वाजवतो, त्याने लिहिलं होतं; आमच्या कायद्यासारख्या तबल्याच्या रचना समेवरच सुरू होतात, गाणाऱ्यांचा विचारच केला नाही. सुरुवातीची मात्रा आता ज्याला हवी ती लिहिता येईल, अशी सोय त्याने करून टाकली होती. अभिषेकने नवा कोड उतरवला आणि या वेळी कोणालाही न विचारता बांधला.

भैरवी दिवाळीला आली तेव्हा टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. तिने एकेक पान बघितलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "सर, इथं धैवत पाहिजे."

"इथं पंचमच आहे. मी टाइप केला आहे."

तिने गुणगुणून पाहिलं. पंचमच होता.

तेवढ्यात विमलताई दारात आल्या. कागद चांगला आहे, त्या म्हणाल्या, पण अक्षर फार बारीक, चष्मा लावूनबी दिसत नाही. जरा मोठं होऊन जाईल काय?

भैरवीचा हात सवयीने पेनाकडे गेला. अभिषेक तोवर टेबलाशी बसला होता. "किती मोठं पाहिजे, ताई?" त्याने विचारलं आणि टाइप करायला लागला.